सणाची चूल आणि रोजची चूल : कळमनुरीकडच्या स्वयंपाकाची प्रस्तावना

पाककृतींची मराठी पुस्तकं बहुधा प्रकारवार लावलेली असतात. आधी चटण्या-कोशिंबिरी, मग भाज्या, आमट्या, भाताचे प्रकार आणि शेवटी सणावारांची पक्वान्नं. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ही मांडणी ठीक आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज पक्का होतो. रोजचं जेवण हे पोट भरण्याचं काम आणि सणाचं जेवण हीच खरी पाककला, असं वाटू लागतं. मग परंपरा जपायची म्हणजे पुरणपोळी, अनारसे, करंज्या जपायच्या, एवढाच अर्थ उरतो. पुढच्या पानांवर हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्याच्या आणि आसपासच्या घरांतला स्वयंपाक आहे, आणि त्याच्याकडे पाहून माझं मत नेमकं उलटं झालं आहे. या भागात सणाचा स्वयंपाक आणि रोजचा स्वयंपाक हे दोन वेगळे स्वयंपाक नाहीत. एकाच शेतातल्या मालाचा तो एकच हिशेब आहे. रोजच्या ताटात तो हात राखून मांडलेला असतो आणि सणाच्या ताटात मोकळ्या हाताने. म्हणून रोजचं ताट मोडलं की सणाचं ताटही आतून पोकळ होतं. हे म्हणणं भावनेच्या भरात केलेलं नाही. त्याला पुरावे आहेत, आणि त्यावर घेण्यासारखे आक्षेपही आहेत. दोन्हींचा विचार इथे करायचा आहे.

जागा आधी पाहू. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. कळमनुरी हा त्यातला हिंगोली आणि नांदेडच्या मधला तालुका. कयाधू नदी या भागातून वाहत पुढे पैनगंगेला मिळते. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यावरचं ईसापूर धरण आहे, पलीकडे पुसद, म्हणजे विदर्भ. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तालुक्यात शेतकरी जातींची गावं आहेत, आंध आदिवासींची गावं आहेत, बंजारा तांडे आहेत आणि खुद्द कळमनुरीत मुसलमानांची मोठी वस्ती आहे. कोणी म्हणेल, एवढ्याशा तालुक्याची वेगळी पाककला ती काय असणार? खरं आहे. कळमनुरीतच होतो आणि परभणीला किंवा पुसदला होत नाही, असा एकही पदार्थ मला दाखवता येणार नाही. पण स्वयंपाकाचा अभ्यास करायला अशीच जागा बरी. ज्या गावाचं नाव एखाद्या प्रसिद्ध पदार्थाला चिकटलेलं असतं, तिथे सगळं लक्ष त्या एका पदार्थावर जातं. इथे तसं काही आड येत नाही, आणि घरातली चूल शेताशी, ऋतूशी व शेजाऱ्याशी कशी बांधलेली असते ते सरळ दिसतं.

पुरणापासून सुरुवात करू, कारण पक्वान्नाच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजत घालतात. हे पाणी मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं. डाळ बोटाने दाबली की मोडेल इतकी शिजली की ती चाळणीवर उपसतात आणि खालचं दाटसर, पिवळसर पाणी बाजूला काढतात. वरच्या डाळीत गूळ पडतो. ती पुन्हा चुलीवर जाते, गूळ सुटून आधी पातळ होते आणि मग आळत आळत अशी घट्ट येते की मधोमध रोवलेलं उलथनं न पडता उभं राहतं. मग ती पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून वाटली जाते, जायफळ-वेलदोडा पडतो आणि पोळीत भरली जाते. खाली राहिलेल्या पाण्याला कोणी कट म्हणतं, कोणी येळवणी. डाळीतलं विरघळलेलं सत्त्व त्यात उतरलेलं असतं. भाजलेलं खोबरं, तीळ, काळा मसाला, चिंच, लसूण-जिऱ्याची फोडणी आणि दाटपणासाठी चमचाभर पुरण घातलं की त्याच पाण्याची तिखट, आंबटगोड, घमघमणारी आमटी होते. ताटात पोळीशेजारी आमटी आणि गुळवणी येते आणि गोडाचा भार तिखटाने हलका होतो. म्हणजे सणाचं सगळ्यात थाटाचं पक्वान्न आणि सगळ्यात सुवासिक आमटी एकाच पातेल्यातून निघतात. ज्या हाताने गूळ सढळपणे ओतला, त्याच हाताने डाळीचं पाणी फेकून देण्याचं नाकारलं. चैन आणि काटकसर इथे एकमेकांच्या विरोधात उभ्या नाहीत, एका कृतीच्या त्या दोन पायऱ्या आहेत. बाजारातून तयार पुरणपोळी आणणाऱ्या घरात पोळी येते, आमटी येत नाही. रोजच्या स्वयंपाकाची शिस्त गेली की सणाचं अर्धं ताट कसं जातं, ते या एका उदाहरणात दिसतं.

दुसरा साक्षीदार भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या इकडे महालक्ष्म्या. त्यांच्यावर बांधला जाणारा फुलोरा, म्हणजे करंज्या, सांजोऱ्या, तळलेली वेणी, फणी, डोळ्यांत भरतो. छायाचित्रं त्याचीच निघतात. पण नैवेद्याच्या ताटात काय लागतं ते पाहा. पुरणपोळी लागते, तशीच ज्वारीची आंबील लागते. कढी लागते, अंबाडीची भाजी लागते आणि सोळा भाज्या लागतात. दोडका, कारलं, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, पडवळ, लाल भोपळा, अळू अशी नावं मोजत गेलं की कळतं, ही पावसाळ्याच्या उत्तरार्धात बांधावर, परसात आणि मळ्यात काय काय उगवलं आहे याची नोंद आहे. आंबील तर गरिबाच्या न्याहारीचं पेय. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, ताकाने सैल केलेलं. ते देवीच्या ताटात पुरणाच्या शेजारी बसतं, कारण ज्वारीशिवाय घराची भरभराट या भागाला सुचतच नव्हती. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याचे सोले, वांगी, गाजर, बोरं यांची एकत्र भाजी असते. नागपंचमीला चिरणं, तळणं, तवा ठेवणं वर्ज्य, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. पोळ्याला पुरणपोळीचा पहिला मान बैलाचा. प्रत्येक सणाचा पदार्थ त्या महिन्यातल्या शेताच्या स्थितीवर बोट ठेवतो. देवघरातल्या नैवेद्याचा अर्थ शेतात गेल्यावरच लागतो.

आता रोजची चूल. तिचा कणा ज्वारीची भाकरी, आणि ती सोपी आहे असं समजणाऱ्यांनी ती एकदा थापून पाहावी. गव्हात चिकटपणा देणारं ग्लूटेन असतं, ज्वारीत ते नसतं. म्हणून पिठात कढत पाणी घालावं लागतं. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळ्याला धरून ठेवतो. मग काठवटीत तळहाताच्या टाचेने पीठ मळत राहायचं, जितकं मळावं तितकी भाकरी न फाटता मोठी होते. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, फार सुकल्यावर उलटली तर चिरा पडतात. शेवटी विस्तवावर धरली की ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि कितीही मळलं तरी भाकरी कडेला फाटते, म्हणून जुन्या घरांत आठवड्या-पंधरवड्याचंच दळण असे. जोडीला तुरीचं वरण. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, तुरीत ते भरपूर असतं. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. पोषणशास्त्राने हे पुढे सांगितलं. आपल्या शेतात मात्र तूर आणि ज्वारी आधीपासून एकमेकींच्या शेजारच्या ओळींत पेरल्या जात होत्या आणि ताटातही शेजारी पडत होत्या.

या कण्याभोवतीचं बाकीचं सगळं साठवणीचं शास्त्र आहे. येसर हा त्यातला सर्वांत हुशार पदार्थ, आणि मराठवाड्याबाहेर त्याची ओळख फार कमी आहे याची मला खंत वाटते. गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी किंवा बाजरी हे धान्य वेगवेगळं, आपापल्या रंगावर भाजायचं. धने, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल, तमालपत्र, सुंठ, हळद, तिखट यांच्याबरोबर दळायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. पाहुणा आला, भाजी घरात नाही, डाळ शिजवायला वेळ नाही, अशा वेळी लसणाची फोडणी, पाणी आणि दोन-तीन चमचे येसर एवढ्यावर आमटी उकळते. भाजलेलं धान्य तिला दाटपणा देतं आणि मसाला वास देतो. हीच येसरची आमटी लग्नाच्या पंगतीतही वाढली जाते. अडचणीच्या दिवसाचा पदार्थ आणि मांडवातला पदार्थ एकच, यापेक्षा माझ्या म्हणण्याला मोठा आधार कुठला? त्याच फडताळात कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी असते, सांडगे असतात, कुरडया-पापड असतात, हुलग्याचं पीठ असतं. त्याचे शेंगोळे किंवा माडगं होतं. पहिल्या पावसानंतर तरोटा, मग करटुली, घोळ, पाथरी अशा न पेरलेल्या भाज्या येतात. हिवाळ्यात ज्वारीचं कणीस दुधाळ असताना हुरडा येतो. फडताळ आणि शिवार मिळून वर्ष पुरं करतात.

अंबाडीची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी अशी आहे, कारण तिच्यात या भागाचा सगळा इतिहास येतो. आंबट पाल्याचं हे झाड शेताच्या कडेने लावत. पाला उकडून, आंबट पाणी पिळून काढून, ज्वारीच्या कण्या किंवा तुरीच्या डाळीबरोबर शिजवतात आणि वरून करडईच्या तेलात तडतडलेल्या लसणाची फोडणी ओततात. त्याच झाडाच्या सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळले जात, आणि पोळ्याला बैलाच्या अंगावर नवे दोर चढत. हाच पाला दख्खनी घरांत अंबाडा होतो आणि गोश्तात पडतो. तेलुगू मुलखात तोच गोंगुरा. एकेकाळच्या एका राज्यात तीन भाषा बोलणाऱ्यांनी एक पान आपापल्या पद्धतीने शिजवलं. कळमनुरीसारख्या गावात बगारा खाना, दालचा, खिचडी-खट्टा, ईदचा शीरखुर्मा ही बाहेरून आलेली चव नाही. भाकरीच्या शेजारच्याच गल्लीतली ती चव आहे आणि चिंच, तीळ, अंबाडी हा तिचा आंबट-खमंग पायाही तोच आहे. मराठवाड्याचं जेवण म्हणून फक्त एका बाजूच्या घरांतली यादी देणं हे अपुरं आहे, एवढंच नाही, ते चूक आहे.

इथून आक्षेपांकडे वळतो, आणि सगळ्यात धारदार आक्षेप आधी घेतो. घरचं जेवण म्हणजे कोणाच्या घरचं? जात ही आपल्या स्वयंपाकघराची पहिली भिंत आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, तेल-मसाला किती कमी मिळत होता, मांसाचा कोणताही भाग वाया न घालवता तो कसा खाल्ला जाई, मांसाच्या वाळवलेल्या चान्या कशा टिकवत, हे त्यांनी लिहिलं. नावातच त्यांनी आपल्या जेवणाआधीच्या श्लोकाला प्रश्न विचारला. मराठी पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' निघालं, 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि घरोघरी पोहोचलं. पण या परंपरेत मराठवाड्यातल्या दलित, आदिवासी घरांच्या चुलीला जागा फारशी नव्हती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो मोडत नाही, उलट बळकटी देतो. परंपरा म्हणजे पक्वान्नांची यादी असं धरलं की ज्यांना वर्षातून एखाद्या दिवशी गूळ मिळाला ते परंपरेच्या बाहेर पडतात. परंपरा म्हणजे हाती आहे त्यातून सत्त्व आणि चव काढण्याचं ज्ञान असं धरलं, तर ज्यांनी सगळ्यात कमी सामग्रीत सगळ्यात जास्त काम केलं, त्यांना पहिल्या ओळीत बसवावं लागतं. काय खाल्लं यावरून माणसाला हीन ठरवण्याची जी रीत आपण चालवली, ती मात्र याच परंपरेचा भाग होती आणि ती जपण्यासारखी नाही, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

याला जोडूनच दुसरा आक्षेप येतो. हे सगळं दारिद्र्याचं जेवण आहे, पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्यांच्या युक्त्या आहेत, त्यांना कला कशाला म्हणायचं? मराठवाड्यात हा प्रश्न हलका घेता येत नाही. 1972 चा दुष्काळ इथे घरोघरी माहीत आहे. तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, रोजगाराच्या कामांवर सुकडी खाल्ली, जीव जगवला. उपासमारीत काही सुंदर नसतं. पण याच दुष्काळात आक्षेपाचं उत्तरही आहे. मिलो टंचाईचंच अन्न होतं, आणि टंचाई सरली तशी ती गेली. कोणी तिची भाकरी हौसेने करत नाही, तिच्यासाठी कुठला सण नाही. अंबाडी, हुलगा, येसर, आंबील मात्र घरात गहू-तांदूळ आल्यावरही राहिले. नुसत्या गरजेपोटी खाल्लेलं अन्न गरज संपली की टाकून दिलं जातं. जे राहतं ते चवीने, पिढ्यांच्या निवडीने राहतं. गरिबीने हाताला शिस्त लावली हे खरं, पण जिभेने निवड केली हेही तितकंच खरं. या दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष करणं हा कष्टकरी माणसाच्या रसिकतेचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. ज्याला तुम्ही परंपरा म्हणता त्यातलं जुनं किती? मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे रुळलेले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचं मोठं वर्णन आहे, मांडे आहेत, डाळी आहेत, मांसाचे प्रकार आहेत, पण मिरची असणं शक्यच नव्हतं. फार कशाला, चिंच आफ्रिकेतून आली, आणि जिला आपण मातीची लेक मानतो ती ज्वारीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आलेली आहे. हे सगळं कबूल. पण यातून परंपरा खोटी ठरत नाही, तिचं काम कसं चालतं ते कळतं. मिरची आली तेव्हा तिला येसरात जागा मिळाली, मिऱ्यांना कोणी हाकलून दिलं नाही. शेंगदाणा आला तो तीळ-कारळाच्या चटणीशेजारी जाऊन बसला. बाहेरून आलेल्या वस्तूला आपल्या हिशेबात बसवून घेणं, हीच परंपरेची कुवत. म्हणून बटाटा आला, टोमॅटो आला, कुकर आला, मिक्सर आला, याची मला चिंता वाटत नाही. चिंता वेगळ्या गोष्टीची आहे.

ती चिंता शेतातली आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत सोयाबीन मराठवाड्यातलं खरिपाचं मुख्य पीक झालं. शेतकऱ्याने ते का घेतलं याची कारणं रोखठोक आहेत. शंभर-सव्वाशे दिवसांत हाती येतं, लगेच विकलं जातं, यंत्राने मळता येतं. खरिपाच्या ज्वारीवर पाखरं पडतात, उशिराच्या पावसात कणसं काळी पडतात, काढणी-मोडणीला माणसं मिळत नाहीत, आणि बैल कमी झाल्यावर कडब्याचीही गरज घटली. शेतकऱ्याला दोष देणारा मी कोण? पण परिणाम पाहिला पाहिजे. सोयाबीन तेलगिरणीत जातं. शेतातून थेट चुलीवर जाणारं ते पीक नाही. त्याने ज्वारी हटवली, खरिपातला मूग-उडीद कमी केला, आणि करडई मागे पडल्यावर फोडणीचं तेलही पिशवीतून येऊ लागलं. नायलॉनचे दोर आले आणि अंबाडीची वाखासाठीची गरज संपली. रेशनवर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागला, पुढे तो मोफतही झाला. भुकेच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली, तिला मी कमी लेखणार नाही. भरड धान्य एक रुपयाने देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती, पण ताटात पडत राहिला तो गहू आणि तांदूळ. आता खरी अडचण अशी की ज्वारी बाजारात अनेकदा गव्हापेक्षा महाग असते. 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हा शहरात ज्वारीची बिस्किटं आली, आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या नातवंडांच्या डब्यात मैद्याची.

हळदीचं उदाहरण याच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. हिंगोली जिल्हा आज हळदीचा जिल्हा आहे. वसमतच्या बाजारात ती लांबून येते, 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कंद काढायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे, घासून पॉलिश करायचे, हे काम उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगाव चालतं. पीक पैसा देतं आणि चुलीवरही येतं, म्हणून ते घराशी नातं टिकवून आहे. ओल्या हळदीचं लोणचं, फोडणीतली चिमूट, हळद लावण्याचा विधी, सगळं शाबूत आहे. म्हणजे नगदी पीक आणि घरचा स्वयंपाक यांचं वैर असायलाच हवं असं नाही. ज्वारीसाठीही वाट आहे. परभणीला 1972 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे वाण दिले, 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण आणला. बियाणं आहे, ज्ञान आहे. मागणी मात्र चुलीकडून यायला हवी, आणि ती मागणी फक्त पुरणपोळी जपून येत नाही. रोज भाकरी खाल्ल्याने येते.

एक आक्षेप बायकांच्या वतीने घेतला जातो, आणि तो योग्य आहे. या जेवणामागे पहाटेचं जातं होतं, पाटा होता, धूर होता, आणि सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी बाई होती. जात्यावरच्या ओव्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्या ओव्यांत माया आहे तसा कष्टांचा आकांतही आहे. ते जातं परत आणा असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण कष्ट आणि ज्ञान वेगळे काढता येतात. गिरणीने जात्याचं काम घेतलं, भाकरी बिघडली नाही. पुरणयंत्राने पाट्याचं काम घेतलं, पुरण बिघडलं नाही. धान्य कोणत्या रंगावर भाजायचं, अंबाडीचं पाणी किती पिळायचं, कट केव्हा काढायचा, हे ज्ञान मात्र कोणतंही यंत्र आपण होऊन राखत नाही. ते आजवर फक्त बायकांच्या हातात राहिलं म्हणून ते कमी प्रतीचं ठरलं, आणि आता त्या हातांना नोकरी-शिक्षणामुळे दुसरी कामं मिळाली तर ते हरवेल अशी भीती आहे. उपाय बाईला पुन्हा चुलीशी बांधण्यात नाही. घरातल्या मुलग्यांनी भाकरी थापायला शिकण्यात आहे. ज्या पुरुषांना आईच्या हातच्या चवीचा अभिमान वाटतो त्यांनी तो हात चालवून दाखवावा.

प्रमाणांबद्दल थोडं. जुन्या सुगरणी अंदाजाने करतात, लिहून ठेवलेल्या मापाने त्या हाताची चव येत नाही, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण ज्वारी कोणती, डाळ नवी की जुनी, गूळ किती ओलसर, यावर माप बदलतं. पण न लिहिलेला अंदाज एका माणसाबरोबर संपतो, आणि लिहिलेलं माप निदान चुकायला तरी पुढच्या माणसाला जागा देतं. म्हणून पुढे मापं वाटी-चमच्यात दिली आहेत, आणि जिथे माप निरुपयोगी तिथे खूण दिली आहे. पुरणात उलथनं उभं राहणं ही खूण, भाकरीवरचं पाणी सुकत येणं ही खूण, येसराच्या डाळीचा गुलाबी रंग ही खूण. एकाच पदार्थाच्या दोन-तीन रीती जिथे आहेत तिथे त्या सगळ्या दिल्या आहेत, बरोबर कोणती असा निवाडा केलेला नाही. शाकाहारी आणि मांसाहारी असे वेगळे भाग पाडलेले नाहीत, पक्वान्नांचाही वेगळा भाग नाही. क्रम मृगापासून सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जातो, आणि प्रत्येक सण त्या महिन्यातल्या रोजच्या जेवणाच्या मधोमध येतो.

वाचकांना माझी विनंती अशी. तुमच्या घरातल्या येसराचं आणि काळ्या मसाल्याचं प्रमाण, ते ज्यांना येतं त्यांच्यासमोर बसून, यंदाच्या उन्हाळ्यात लिहून घ्या. गावाचं नाव आणि धान्याचं नाव त्यात असू द्या. ज्यांची शेती आहे त्यांनी सोयाबीनच्या कडेने अंबाडीच्या दोन ओळी टाकाव्यात आणि घरापुरती ज्वारी पेरावी. ज्यांची नाही त्यांनी ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी आणि दळण थोडं थोडं आणावं. पाककृतींची सुरुवात भाकरीपासून केली आहे. पान उलटून थेट पुरणपोळीवर जाऊ नका.